एक तीसांश सेकंद

जिंजा शहरात रविवारी दुपारी मारामारी बघायची असेल तर मुष्टियुद्धाच्या आखाड्यातच जायला हवं असं नव्हतं. मेन स्ट्रीटवरच्या बालिकोवा मास्तरांच्या स्टुडिओची मागची खोली गाठली तरी भागत असे. तिथे हौशी फोटोवाल्यांचं मंडळ भरायचं. दहाबारा माणसं, प्रत्येकाने आठवड्यातला एक फोटो आणायचा, दोरीला चिमट्याने लावायचा, आणि बाकीच्यांनी त्यात काय चांगलं आहे, काय सुधारता येईल ते सांगायचं. आता माणसाला त्याच्या बायकोत खोट काढलेली एक वेळ चालते, फोटोत काढलेली चालत नाही. शेळीच्या एका फोटोवरून गणिताचे किरुंडा सर आणि रहीम शिंपी मुद्द्यावरून गुद्द्यावर आले, आणि शिंप्याचा पुढचा दात गेला तो गेलाच.

तेव्हापासून मास्तरांनी नियम घातला. प्रत्येकाने आधी चहा द्यायचा, मग काटा. चहा म्हणजे फोटोतली एक चांगली गोष्ट, आणि काटा म्हणजे माशाचा घशात रुततो तसा एक दोष. ज्याचा फोटो असेल त्याने भिंतीला पाठ लावून, हात मागे धरून उभं राहायचं आणि शेवटच्या माणसाचा काटा निघेपर्यंत तोंड उघडायचं नाही. फोटोच्या पाठीवर शटर किती वेळ उघडं होतं तो आकडा पेन्सिलने लिहायचा. "फोटोला तोंड आहे, तुम्ही आपलं मिटा," असं मास्तर म्हणायचे. या नियमाने दात वाचले, मनं वाचली असं काही म्हणता येणार नाही.

कागोया त्याच स्टुडिओत पुढच्या काउंटरवर पासपोर्टचे फोटो काढायची. चोवीस वर्षांची, उंच, आणि कामाला इतकी झपाट्याची की दिवसाला साठ माणसं तिच्यासमोरच्या स्टुलावर बसून उठायची. "हनुवटी वर. हलू नका. झालं." एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. मंडळात मात्र तिची गाडी एकाच जागी रुतली होती. दर रविवारी मास्तरांचा काटा तोच: "लांबून काढलायस पोरी. दोन पावलं पुढे जा. लोक काय चावतात का?" आणि या रविवारी मंडळातला एक फोटो कंपालाच्या वर्तमानपत्राकडे जाणार होता. ज्याचा जाईल त्याला तिथे सहा महिने शिकायला घेणार होते. कागोयाला ती जागा हवी होती. लोकांच्या हनुवट्यांचा तिला मनापासून वीट आला होता.

गुरुवारी दुपारी बाजारामागच्या बोडा स्टेजवर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली उभ्या राहतात तिथे, कुणीतरी "चोर, चोर" म्हणून ओरडलं. कागोया जेवण आटपून परत येत होती आणि गळ्यात कॅमेरा होता.

आमच्याकडे ही आरोळी उठली की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं, आणि ते सांगायलाही लाज वाटते. भाजीवाला भाजी टाकून येतो, न्हावी गिऱ्हाईक टाकून येतो, आणि ज्याने जन्मात कुणाला चापट मारली नाही तोही एक लाथ घालून पुन्हा आपल्या कामाला लागतो. त्या दिवशीही एका तरुणाला पन्नासेक माणसांनी घेरलं होतं. फांदीने, सायकलच्या साखळीने, हाताला लागेल त्याने मारत होते. त्याचा शर्ट फाटून गळ्यात अडकला होता आणि एक कान अर्धा लोंबत होता. तो काहीतरी सांगू बघत होता, पण तोंड उघडलं की तिथेच लाथ बसत होती.

कागोया आधी लांबच उभी राहिली. मग तिला मास्तर आठवले, आणि ती दोन पावलं पुढे गेली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ए, फोटोवालीला वाट द्या." लोकांनी खरंच वाट दिली. ती आतल्या मोकळ्या गोलात येऊन पोचली तर समोर झिराबा, स्टेजचा चेअरमन, फुटपाथचा चौकोनी दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून उभा. आभाळ भरलेलं, वर पत्र्याची सावली, उजेड अगदी कमी. जरा कुणी हललं असतं तर फोटो वाया जाणार होता. ती गुडघ्यावर बसली, श्वास धरला, आणि रोजच्या सवयीने म्हणाली, "हलू नका."

सगळे थांबले. लाथा थांबल्या, साखळी थांबली, दगड होता तिथे राहिला. एकदोघांनी शर्ट नीट केले. खाली पडलेल्याने मान उचलून तिच्याकडे पाहिलं. सुटलो असं वाटलं असणार त्याला. कागोयाने बटण दाबलं. आणि त्याच सवयीने, त्याच काउंटरवरच्या आवाजात तिच्या तोंडून गेलं, "झालं."

दगड खाली आला.

त्या आवाजाने कागोया धडपडत मागे सरली. मग कुणीतरी बाटलीतून पेट्रोल आणलं. ते बघायला ती थांबली नाही.

फोटो मात्र उत्तम आला होता. शुक्रवारी डार्करूममध्ये कागदावर तो चेहरा हळूहळू वर आला तेव्हा तिने तोंड फिरवलं, आणि त्याच क्षणी मनात आलं, काय कडक आलाय. दोन्ही एकदमच झालं. तिला स्वतःची किळस वाटली, पण फोटो तिने फाडला नाही. उलट स्वतःलाच समजावलं, की हा छापून आला तर लोकांना शरम वाटेल, पोलीस जागे होतील, त्या बिचाऱ्याला न्याय मिळेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की वकिलाला मागे टाकतो. बोललेले शब्द फोटोत उमटत नाहीत, हा तिला सगळ्यात मोठा दिलासा होता. पाठीवर तिने १/३० असा आकडा लिहिला आणि रविवारी तो दोरीला लावला.

त्या रविवारी मागच्या बाकावर एक अनोळखी बाई येऊन बसली होती. चाळिशीची, उंच खांद्यांचा पायघोळ झगा, म्हणजे गोमेसी, घातलेली, अंगाला माशांचा वास. मास्तरांना वाटलं, घरच्या लग्नाचे फोटो ठरवायला आली असेल. "बसा न्याबो, बसा बाई, एवढं आटपू दे," ते म्हणाले.

कागोयाचा फोटो शेवटी निघाला. ती भिंतीला टेकून, हात मागे धरून उभी राहिली. दगड उचललेला माणूस कोण ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण झिराबाचं नाव कुणी घेतलं नाही. रोज त्याच्याच स्टेजवरून घरी जायचं होतं.

प्रसूतिगृहातल्या नामुलोंडो सिस्टरनी सुरुवात केली. "माझा चहा असा, की नजर आधी दगडावर जाते, मग खाली त्या माणसावर. भटकत नाही. काटा असा, की डाव्या बाजूला फार खोगीरभरती झालीय. तेवढी पट्टी कापून टाक."

"माझा चहा कपड्यांना," रहीम शिंपी पडलेल्या दाताच्या फटीतून म्हणाला. "फाटलेल्या शर्टाची वीण न वीण दिसतेय. काटा म्हणजे, रक्त डांबरात मिसळून गेलंय. रक्त आहे का तेल आहे, कळत नाही. जरा उजळ छापायला हवं होतंस."

मागच्या बाकावरच्या बाईने गोमेसीचा पट्टा मुठीत धरला होता. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग किरुंडा सर उठले. हा माणूस चहा देतानाही नाकाने कांदे सोलायचा. "चहा दगडाला," ते म्हणाले. "काय धारदार आलाय. कडेची खपली मोजून घ्या. आणि मागे तो सायकलवाला बघा, पार पुसून गेलाय. एक ठाम, एक पळतं. शाब्बास. आता काटा सांगण्याआधी जरा आकडा बघू." त्यांनी फोटो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. "एक तीसांश? हे जमत नाही बुवा."

"काय जमत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"गणित जमत नाही, मास्तर. एक तीसांश सेकंदात सायकल पुसली गेली. मग पडणारा दगड चार बोटं तरी पुसला जायला नको?"

"तो उचलत असेल," रहीम म्हणाला.

"उचलतानाही पुसला गेला असता. शिंप्या, तू शिवण बघ. हा दगड पडत नाहीये आणि चढतही नाहीये. हा माणूस एवढं ओझं डोक्यावर घेऊन नुसता उभा आहे. आणि ही साखळी बघा, सरळ खाली लोंबतेय. हा लाथ मारणारा, पाय जमिनीवर. अहो, अख्खी गर्दी उभी आहे." सरांना गणित सुटल्याचा आनंद झाला होता. तो आनंद त्यांच्या तोंडावरून कसा उतरत गेला ते सगळ्यांनी पाहिलं. खाली बसताना ते हळूच म्हणाले, "माझा काटा राहू द्या."

मास्तर चष्मा कपाळावर सरकवून फोटोच्या अगदी जवळ गेले. "सगळे इकडेच बघतायत," ते म्हणाले. "कॅमेऱ्याकडे." मग त्यांनी कागोयाकडे पाहिलं. पण नियम तो नियम. "अजून कुणाचा राहिलाय?" मास्तरांनी विचारलं.

"माझा," मागची बाई म्हणाली.

ती उठून पुढे आली. "मी नाइगागा. मासेसेच्या धक्क्यावर मासे विकते. स्टेजवर जो तो सांगतोय, स्टुडिओतल्या पोरीने फोटो काढलाय, म्हणून आले. हा खाली पडलाय तो माझा धाकटा भाऊ, एरिसा. गाड्या दुरुस्त करायचा. त्या दिवशी एकाची गाडी दुरुस्त करून चालवून बघत होता. मालकाच्या भावाने गाडी ओळखली. माझ्या भावाला ओळखलं नाही."

कुणी हललं नाही. नामुलोंडो सिस्टरनी मान खाली घातली.

"तुमच्याकडे आधी चांगलं सांगायचं असतं ना?" नाइगागा म्हणाली. "चांगलं हे, की यात त्याला तोंड आहे. आम्हाला जो पुरायला दिला, त्याला नव्हतं. आता तुमचं ते दुसरं. तो हिच्याकडे बघतोय. अशा वेळी माणूस उगाच कुणाकडे बघत नाही. हिने त्याला काय सांगितलं?"

सगळ्यांचं बोलून झालं होतं. आता नियमाप्रमाणे कागोयाची पाळी होती.

तिच्यापाशी सुटकेचा रस्ता होता, आणि तो अगदी छोटा होता. मी पोचले तेव्हा सगळे दम खायला थांबलेलेच होते, एवढं म्हटलं की संपलं. किरुंडा सरांचं गणित जमलं असतं, कंपाला मिळालं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण तिला बाईच्या तोंडाकडे बघून ते बोलता आलं नाही.

"मी 'हलू नका' म्हणाले," कागोया म्हणाली. "म्हणून ते सगळे थांबले. तुमच्या भावाला वाटलं, मी त्याला सोडवायला आले. मी फोटो घेतला. आणि मग मी म्हणाले, 'झालं'. त्यावर झिराबाने दगड टाकला."

"किती वेळ थांबले होते?"

"दहापर्यंत मोजता आलं असतं."

"एवढ्यात तुला 'सोडा त्याला' म्हणता आलं नाही?"

"सुचलंच नाही," कागोया म्हणाली, आणि हेच खरं होतं. "उजेड बघत होते."

नाइगागाने बाजूचं स्टूल उचललं आणि तिच्या अंगावर घातलं. पहिला फटका उजव्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी कट्‌कन मोडलं. दुसरा तोंडावर. कागोया दोरीसकट खाली आली आणि सगळ्यांचे फोटो तिच्याभोवती पडले. रहीम आणि किरुंडा सर धावले, त्यांनी नाइगागाचे दंड धरले. ती त्यांना झटकून देत होती. रोज माशांच्या टोपल्या उचलणारे हात ते.

"सोडा तिला," कागोया जमिनीवरून म्हणाली. तोंडात रक्त भरल्यामुळे ते नीट उमटलं नाही, म्हणून तिने परत म्हटलं.

"न्याबो, ऐका," मास्तर मध्ये आले. "पुढे जा, पुढे जा, असं मीच सांगायचो तिला."

"तुमचं नंतर बघते," नाइगागा म्हणाली, आणि कागोयाच्या बरगडीत लाथ घातली. मग आणखी एक. तिसऱ्या लाथेला तिचा तोल गेला आणि ती मटकन खाली बसली. धापा टाकत, रडत, ती त्या फोटोंच्या पसाऱ्यात आपल्या भावाचा फोटो शोधू लागली. तो कागोयाच्या पाठीखाली होता. कागोयाने कण्हत कूस बदलली आणि तो काढून तिच्या हातात दिला.

"पोलीस म्हणतात, साक्षीदार नाही," नाइगागा म्हणाली. "भर बाजारात पन्नास माणसं, आणि एकाने पाहिलं नाही. ऊठ. हेच सगळं चौकीत सांग. तोंड धुऊ नकोस."

"पेन्सिल द्या," कागोया म्हणाली. चौकी स्टेजच्या पलीकडेच होती, आणि तिथे जायला दुसरा रस्ता नव्हता. फोटोच्या पाठीवर, आकड्याच्या खाली, तिने डाव्या हाताने लिहिलं: दगड टाकणारा झिराबा. आपण काय म्हणालो ते लिहिलं. आणखी चार नावं लिहिली, ज्यांना ती ओळखत होती. खाली सही केली. "माझं काही झालं तरी हे पोचलं पाहिजे," ती म्हणाली. कंपाला त्याच अक्षरांबरोबर गेलं, हे तिला कळत होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याचंही तिला वाईट वाटलं.

भर दुपारी दोघी बाजारातून निघाल्या. एकीचा हात लुळा, ओठ फाटलेला, आणि दुसरी तिला दंडाला धरून ओढत नेणारी. लोक वळून बघत होते. स्टेजवर झिराबा मोटरसायकलवर आडवा पडून भुईमुगाच्या शेंगा खात होता. कागोयाला पाहून तो उठून बसला.

"अगं ए फोटोवाली," तो खुशीत म्हणाला. "तीन दिवस वाट बघतोय. माझा फोटो कुठाय? आणि हे तोंडाला काय झालं? नवऱ्याने धुतली वाटतं."

त्याची नजर नाइगागाच्या हातातल्या फोटोवर गेली, आणि त्याने तो सहज काढून घेतला. तिला तो ओळखत नव्हता. बाकीचे बोडावाले त्याच्या खांद्यावरून वाकून आपापली तोंडं शोधू लागले. "हा बघ मी." "ए, माझे डोळे मिटलेत." "तू असाच दिसतोस." झिराबा फोटो हात लांब करून बघत राहिला.

"दंड चांगले आलेत," तो म्हणाला. "पण पाय दिसतच नाहीत की गं. नवे बूट होते माझे. पैसे मोजून माणूस बूट घेतो तो कशाला? पुढच्या वेळी पूर्ण घे."

एरिसाकडे त्याने पाहिलंही नाही. नाइगागाच्या घशातून एक आवाज आला. कागोयाने चांगल्या हाताने तिची बोटं दाबून धरली.

"द्या, पूर्ण काढून देते," कागोया म्हणाली, तिच्या काउंटरवरच्या आवाजात. त्याने फोटो पुढे केला, आणि देता देता उलटा केला. "पाठीवर काय लिहिलंय एवढं?" तो अक्षराला अक्षर लावून वाचू लागला. "दगड... टाकणारा... झि..."

कागोयाने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. होती नव्हती ती सगळी ताकद तिने दातांत आणली. झिराबा गुरासारखा ओरडला, फोटो खाली पडला, आणि नाइगागाने तो उचलला.

"जा," कागोया म्हणाली.

नाइगागा पळाली. झिराबाचा ठोसा कागोयाच्या कानावर बसला आणि ती डांबरावर आपटली. "फोटो चोरला," कुणीतरी ओरडलं. मग दुसऱ्याने नुसतंच "चोर" म्हटलं, आणि तेवढं पुरेसं होतं. भाजीवाल्यांनी मान वर केली. पहिली लाथ पाठीत बसली, दुसरी मोडलेल्या खांद्यावर. खालून कुणाचंच तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय दिसत होते, आणि त्यात झिराबाचे नवे तपकिरी बूट होते.

पायांच्या फटीतून तिला रस्त्यापलीकडचं चौकीचं फाटक दिसत होतं. नाइगागा गोमेसी गुडघ्यापर्यंत उचलून धावत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे वळावं असं कागोयाला वाटलं, आणि वळू नये असंही वाटलं. फाटकातल्या शिपायाने तिला अडवलं, तिने तो कागद त्याच्या नाकासमोर धरला, आणि शिपाई बाजूला झाला. ती आत गेलेली पाहून कागोयाला बरं वाटलं. मग तिने गुडघे पोटाशी घेतले आणि चांगल्या हाताने डोकं झाकलं.